बॅटीतली स्प्रिंग

श्रोतेहो, हरणे ही काही अवघड गोष्ट नाही. ती कोणालाही जमते. अवघड असते ते "आम्ही हरलो" असे म्हणणे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच का केली? क्रिकेटमध्ये मात्र एक पंचाईत आहे. अंगण दोघांनाही तेच असते. मग बॅट वाकडी ठरवावी लागते!

२३ मार्च २००३. जोहान्सबर्ग येथे विश्वचषकाचा अंतिम सामना. आपल्या कर्णधाराने, सौरव गांगुलीने, नाणेफेक जिंकली आणि ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली. त्यांनी दोन गडी गमावून ३५९ धावा कुटल्या. त्यांचा कर्णधार रिकी पाँटिंग नाबाद १४०, त्यात आठ षटकार. आपण सगळे मिळून २३४. म्हणजे १२५ धावांनी हार. एवढा झाला इतिहास. त्यानंतर सुरू झाले पुराण.

पुराण असे की, पाँटिंगच्या बॅटीत स्प्रिंग होती. शाळेच्या पटांगणात, पारावर, एस. टी. स्टँडवर जो तो शपथेवर सांगू लागला. कुणाच्या मामाने वाचले होते, कुणाच्या मावसभावाला मुंबईहून पक्की खबर होती. चोरी पकडली गेली आणि आता सामना पुन्हा होणार! कधी? "लवकरच." त्या गोष्टीला वीस वर्षे उलटून गेली. ते "लवकरच" काही उजाडले नाही.

आता बॅटीत खरोखरच काही गडबड असली, तर काय होते? १९७९ साली पर्थच्या कसोटीत डेनिस लिली चक्क ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. इंग्लंडच्या कर्णधाराने तक्रार केली, पंचांनी बॅट बदलायला लावली. पुढे नियमातच आले की, बॅटीचे पाते लाकडाचेच हवे. खुद्द पाँटिंगही नंतर एक बॅट वापरीत असे, तिच्या पाठीवर ग्राफाइटची पातळ पट्टी होती. तीही नियमात बसत नाही असे ठरले आणि २००६ साली तसल्या बॅटी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून मागे घेतल्या गेल्या. मंडळी, जिथे पाठीवरची पट्टी सुटली नाही, तिथे पोटातली स्प्रिंग सुटेल होय?

बरे, हा रोग एकट्या आपल्यालाच आहे असे नाही. आपले ध्यानचंद हॉकी खेळत तेव्हा चेंडू काठीला चिकटून चालल्यासारखा दिसे. काठीत लोहचुंबक आहे अशी परदेशात कुणाला शंका आली आणि काठी मोडून पाहिली, असे आपण आजही कौतुकाने सांगतो. चेंडू तर कातड्याचा! कातडे ओढणारे लोहचुंबक कोणत्या बाजारात मिळते? पण गंमत पाहा. आपल्या माणसाच्या काठीत लोहचुंबक शोधणारे ते खुळे, आणि दुसऱ्याच्या बॅटीत स्प्रिंग शोधणारे आपण चाणाक्ष!

म्हणून खेळात लबाडी होतच नाही, असे मात्र समजू नका. होते. २००० सालच्या एप्रिल महिन्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए सट्टेबाजांशी बोलल्याचे दिल्ली पोलिसांनी उघडकीस आणले. पुरावा होता टेलिफोनवरच्या ध्वनिमुद्रित संभाषणाचा. आधी त्याने नाकारले, मग पैसे घेतल्याचे कबूल केले. चौकशी बसली, त्याला जन्माची बंदी झाली. खरे कारस्थान असे असते. त्याला तारीख असते, माणसे असतात, पैसा असतो आणि तपासता येईल असा पुरावा असतो. अहो, "ध"चा "मा" केला म्हणतात, तिथेसुद्धा निदान कागद तरी होता! स्प्रिंगच्या गोष्टीत फक्त मावसभाऊ.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात असली वार्ता आली तर मुलांना दटावू नका. शंका घेणे हा गुणच आहे. फक्त तीन प्रश्न विचारायला लावा. हे कोणी पाहिले? कोणी तपासले? आणि खोटे असेल तर ते कशावरून कळेल? तिसऱ्या प्रश्नाला जिचे उत्तर नाही, ती शंका नव्हे, ती समजूत.

यात नुकसान दोन्हीकडून आहे. ऊठसूट "लांडगा आला" म्हटले की खऱ्या लांडग्याच्या दिवशी कोणी धावत नाही. आणि दुसरे नुकसान आपले स्वतःचे. त्या सामन्यात आपण ऑस्ट्रेलियाला ३७ अवांतर धावा बहाल केल्या. एकट्या जहीर खानच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. हे दुरुस्त करता येण्याजोगे होते. सरावाने हात सुधारतो. पण दुसऱ्याच्या बॅटीत नसलेली स्प्रिंग कितीही सराव केला तरी काढता येत नाही.