टक् आवाज आला होता का?



दर वेळी आम्ही पापड-कुरडयांचं, नाहीतर गटाच्या हिशोबाचं बोलतो. आज मात्र गटाच्या गाडीबद्दल, त्यातही गाडीच्या एक्सलबद्दल बोलणार आहोत. हसू नका. याच एक्सलमुळे आमचा एक बाजार बुडाला, आणि त्यातून जे शिकलो ते तुमच्याही कामाला येईल.

आम्ही अकराजणी. गटाच्या कर्जातून एक जुनी छोटी गाडी घेतली. आठवडी बाजाराला माल न्यायचा, अडीअडचणीला कुणाला दवाखान्यात न्यायचं, हे तिचं काम. आमच्यातल्या दोघी गाडी चालवतात. एकीच्या वडिलांचं गॅरेज होतं, लहानपणापासून तिने त्यांच्या हाताखाली पाने दिलेत. त्यामुळे तेल बदलणं, ब्रेकचे पॅड बदलणं अशी कामं आम्ही घरच्या घरी करत आलो.

आता एक्सल म्हणजे काय? बैलगाडीची आस आपल्याला ठाऊक आहे. ती जागेवर असते, चाक तिच्याभोवती फिरतं, आणि ओढायला बैल असतात. मोटारीत ओढणारं इंजिन, आणि इंजिनाचं बळ चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे हा एक्सल. मेकॅनिक त्याला ड्राइव्ह शाफ्टही म्हणतात. एसटीची किंवा ट्रॅक्टरची मागची चाकं जोर लावतात. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली, ती पुढच्या चाकांवर चालणारी होती, आणि आजच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच असतात. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या दोन बाजूंनी दोन दांडे निघतात, एक डाव्या चाकाला, एक उजव्या.

पुढची चाकं नुसती फिरत नाहीत, वळतातही आणि खड्ड्यात वरखाली होतात. म्हणून प्रत्येक दांड्याला दोन सांधे असतात, एक आत गिअरबॉक्सजवळ, एक बाहेर चाकाजवळ. आपल्या गुडघ्याला वाटी असते ना, तसं या सांध्यांवर घड्याघड्यांचं रबरी टोपण असतं. त्याला बूट म्हणतात. बुटाच्या आत ग्रीस भरलेलं असतं.

आमच्या गाडीचा डाव्या बाजूचा बाहेरचा बूट फाटला होता. आम्ही पाहिलाच नाही. ग्रीस उडून गेलं, चिखल आत गेला, आणि वळण घेताना कट-कट-कट आवाज यायला लागला. हा आवाज म्हणजे सांधा झिजल्याची खूण. बूट वेळेवर बदलला असता तर थोडक्यात भागलं असतं. आता अख्खा एक्सलच बदलावा लागणार होता.

आम्ही सुटा भाग आणला आणि जुना एक्सल काढला. काढणं जमलं. खरी परीक्षा परत बसवण्याची असते, आणि तिथेच आम्ही चुकलो.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, अंधार पडत आला होता. नवा एक्सल गिअरबॉक्समध्ये सरकवला, तो आत गेला. बाहेरचं टोक चाकाच्या हबमध्ये घातलं, नट कसला, चाक लावलं. अंगणात एक फेरी मारली, गाडी चालली. आम्ही खूश.

सकाळी माल भरून तिघी निघाल्या. कालव्याजवळच्या चढावर वळण आहे, तिथे खड्ड्यात चाक आदळलं आणि गाडी थांबली. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी हलेना. उलट मागे घरंगळायला लागली. चालवणारीने पायाचा ब्रेक दाबला, हॅण्डब्रेक ओढला, म्हणून थांबली. एकीने उतरून चाकामागे दगड लावले. खाली पाहिलं तर गिअरबॉक्समधून तेल गळत होतं.

तालुक्याहून एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि एकच विचारलं, "काय गं पोरींनो, आत बसवताना टक् आवाज आला होता का?"

आम्ही एकमेकींकडे पाहायला लागलो. कुणालाच आठवेना, कारण कुणी ऐकलंच नव्हतं.

काकांनी समजावलं. एक्सलच्या आतल्या टोकाला एका खाचेत तारेची बारीक रिंग असते. जोडव्यासारखी, एका जागी फाक असलेली. तिला सर्क्लिप म्हणतात. टोक पूर्ण आत गेलं की ही रिंग फाकते आणि आतल्या खाचेत अडकते, तेव्हा टक् आवाज येतो. आमचा एक्सल दात्यांत बसला होता, म्हणून गाडी चालली. पण रिंग अडकली नव्हती, म्हणून धक्क्याने तो बाहेर सरकला.

आणि एकच बाजू सुटली तर गाडी हलेना कशी? गिअरबॉक्समध्ये दोन चाकांना बळ वाटून देणारा भाग असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. एक बाजू मोकळी झाली की सगळं फिरणं त्या मोकळ्या बाजूलाच निघून जातं, दुसऱ्या चाकाला काही मिळत नाही. म्हणूनच चढावर गिअरमध्ये ठेवूनही गाडी अडली नाही, ती ब्रेकनेच अडवली. त्या दिवशी हॅण्डब्रेक ढिला असता तर काय झालं असतं, हे आम्ही रात्री बसून बोललो. तिघीजणी होत्या गाडीत.

नंतर काकांसमोर आम्हीच तो एक्सल पुन्हा बसवला. तो क्रम आता सांगतो.

सगळ्यात आधी गाडी सपाट जागी घ्यायची. हॅण्डब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. जॅकने उचलल्यावर गाडी लोखंडी स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचं नाही, अगदी मिनिटभरसुद्धा नाही.

मग जुना आणि नवा एक्सल शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे. लांबी तीच आहे ना? दाते तेवढेच आहेत ना? डावा आणि उजवा बहुतेक गाड्यांत सारखे नसतात.

सर्क्लिप नवी घालायची. जुनीची ताकद गेलेली असते. गिअरबॉक्सच्या तोंडाशी रबराचं ऑइल सील असतं. ते कापलं असेल तर बदलायचं, आणि त्याच्या ओठाला गिअर ऑइलचं बोट फिरवायचं. एक्सल सरळ धरून आत न्यायचा. तिरका गेला तर त्याचे दाते सील फाडतात. एकीने बाहेरचं टोक हातावर तोलून धरायचं, लोंबकळू द्यायचं नाही, नाहीतर आतला सांधा निखळतो.

दाते जुळेपर्यंत हळूहळू फिरवायचं. जुळले की एक ठाम रेटा द्यायचा. आणि त्या वेळी सगळ्यांनी गप्प बसायचं. टक् ऐकू आलं पाहिजे. त्यावरही विसंबायचं नाही. आतल्या सांध्याची वाटी धरून बाहेर ओढून पाहायची. निघाली नाही तर बसली. मधला दांडा धरून मात्र ओढायचं नाही, त्याने सांधाच उघडतो. काही गाड्यांत आतलं टोक बोल्टांनी जोडलेलं असतं, तिथे टक् नसतं, तिथे प्रत्येक बोल्ट कसला का हे पाहायचं.

बाहेरचं टोक हबमध्ये घालताना त्याच्या आट्यांवर हातोडी मारायची नाही. खालचा बॉल जॉइंट जागेवर बसवून त्याचा बोल्ट कसायचा. स्प्लिट पिन असेल तर नवीच घालायची.

आता मधला मोठा नट, हबचा. हा नट चाकाचं बेअरिंग आवळून धरतो. ढिला राहिला तर बेअरिंग जातं, चाक डगमगतं. फार आवळला तरीही बेअरिंग खराब होतं. म्हणून तो अंदाजाने कसायचा नाही, टॉर्क पान्याने मापून कसायचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत हे माप १५० ते २५० न्यूटन मीटरच्या आसपास असतं, पण आकडा आपल्याच गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकातला घ्यायचा. २०० न्यूटन मीटर म्हणजे किती? एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण २० किलोचं वजन टांगल्यावर जेवढा जोर पडेल, तेवढा. कसताना एकीने आत बसून ब्रेक दाबून धरायचा. नट नवा वापरायचा, आणि कसून झाला की त्याची कड खाचेत ठोकून किंवा पिन घालून पक्का करायचा. हा नट पुरता कसल्याशिवाय गाडीचा भार त्या चाकावर टाकायचा नाही, गाडी ढकलायचीसुद्धा नाही.

मग गिअर ऑइल. काढताना सांडलेलं तेल परत भरायला विसरलं तर गिअरबॉक्सच जळतो. कोणतं तेल, किती, हे पुस्तकात असतं. शेवटी चाकाचे नट समोरासमोरचे, एकाआड एक कसायचे.

आणि तपासणी अंगणात एका फेरीवर संपत नाही. मोकळ्या मैदानात हळू वेगाने डावीकडे पूर्ण वळवून गोल, उजवीकडे पूर्ण वळवून गोल. आवाज ऐका. थांबून खाली कागद टाका, थेंब पडतो का बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. मगच माणसं बसवा.

टॉर्क पाना आमच्याकडे नव्हता, आम्ही गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणला. तो मिळाला नसता तर ते काम आम्ही मिस्त्रीकडेच दिलं असतं. योग्य साधन हातात नसेल तर थांबावं. त्यात कमीपणा नाही.

आता आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्यात. महिन्याच्या बैठकीच्या दिवशी चारही बूट बघायचे, कुठे चीर आहे का, कुठे ग्रीस उडालंय का. चाकं पूर्ण वळवली की बाहेरचे बूट नीट दिसतात. याला पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. आणि दुसरं, गाडीचं काम करताना एक पाना धरते आणि दुसरी वहीतली यादी वाचते. प्रत्येक पायरी झाली की बघून, ओढून, मापून खूण करायची. "बसलं असेल" हा शब्द चालत नाही. आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी कुठलंही मोठं काम काढायचं नाही.

तो एक्सल आजही चालतोय. मिस्त्रीकाका बाजारात भेटले की अजूनही विचारतात, "टक्?" आम्ही म्हणतो, "हो काका, ऐकलं. ओढूनही पाहिलं."

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर आजच वाकून तिचे बूट बघा. येतो आम्ही. नमस्कार.