सायटिका : आपल्या वयाची आणि सर-बाईंच्या वयाची



दहावी होऊन ३० वर्षं झाली. सकाळपासून बघतेय, नोकरी आणि मुलांची चौकशी संपली की गाडी कमरेवर येतेच. मी डॉक्टर नाही, संगणकासमोर बसणारी इंजिनिअर आहे. पण गेल्या वर्षी कमरेतून पोटरीपर्यंत जाणारी कळ दोन महिने सोसली. तेव्हा डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं, ते सांगते.

सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस. कमरेच्या मणक्यांतून निघणारी तिची मुळं दाबली गेली, की कळ पायात उतरते. ती कशाने दाबली जातात, हे मात्र वयानुसार बदलतं.

दोन मणक्यांमध्ये गादी असते. बाहेर चिवट कडं, आत पाणीदार गर. शाळेत असताना हे कडं मजबूत होतं, म्हणून पाठीवर दप्तर घेऊन धावलो तरी काही झालं नाही. तिशी ते पन्नाशीत कड्याला चिरा पडू लागतात, पण आतला गर अजून ओला असतो. दाब आला की तो बाहेर येतो. म्हणून गादी सरकण्याचा त्रास याच वयात सर्वाधिक. पुढे गर सुकतो आणि हा धोका उलट कमी होतो. म्हणजे 'आत्ताच ही अवस्था, मग साठीत काय!' असं घाबरायचं कारण नाही.

साठीनंतर कारण वेगळं असतं. गादी चपटी होते, हाड वाढतं आणि नसांची वाट अरुंद होते. आपल्याला बहुतेक वेळा बसताना, वाकताना दुखतं. त्यांना उभं राहताना, चालताना दुखतं आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. म्हणून आपल्याला सांगितलेला मागे वाकण्याचा व्यायाम आईवडिलांना परस्पर शिकवू नका.

आज फाटकापासून इथपर्यंत येताना आपल्या एक बाई दोनदा ओणवून थांबल्या. "वय झालं गं," म्हणाल्या. बाई, तेवढ्यावर सोडून देऊ नका. फिरणं बंद करण्याआधी एकदा दाखवून या. मी सोबत येते.

गादीचा त्रास बहुतेकांचा सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय कमी होतो. अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा. तंबाखू, सिगारेट सोडा, त्यानेही गादी लवकर झिजते. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बराच वेळ बसलोय सगळे. उठा, पाय मोकळे करा. चहाही आलाय.