हप्त्यावर कॅमेरा घेऊ नका

(बेंगळुरूच्या राजाजीनगरात एका रविवारी मराठी बोलणाऱ्या तरुण नोकरदारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



इथे बसलेले बहुतेक जण आपल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. पगार झाला की आधी गावाकडे पैसे जातात, मग भावंडांची फी, मग खोलीचं भाडं. अशात सिनेमा करायची इच्छा आहे, आणि पहिला प्रश्न असतो: कोणता कॅमेरा घेऊ?

माझं उत्तर सरळ आहे. हप्त्यावर कॅमेरा घेऊ नका. ज्याच्या मागे आजोबांची इस्टेट आहे, त्याचे पहिले तीन सिनेमे पडले तरी घर चालतं. आपल्याला तशी मुभा नाही. म्हणून खर्च कमी ठेवायचा. चुकायची मुभा आपल्याला त्यातूनच मिळते. हातातल्या फोनवर दहा वेळा चुकता येतं. लाखाच्या कर्जावर एकदाही चुकता येत नाही.

हे काही आजचं नाही. राजाजीनगरची इंडस्ट्रियल इस्टेट छोट्या वर्कशॉपांची आहे. तिथे लोक ड्रॉइंग बघून लोखंडाचा भाग घडवतात. कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी असल्याच हातांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला. बाबूराव पेंटर यांचं खरं आडनाव मेस्त्री. कारागीर घरातले, चित्रकला स्वतःच शिकलेले. त्यांनी आणि आनंदराव पेंटर यांनी कॅमेरा बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव गेले, पण काम थांबलं नाही. दामल्यांना सोबत घेऊन बाबूरावांनी 1918 पर्यंत कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशांची मदत केली. 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, आणि 1925 साली ‘सावकारी पाश’, म्हणजे सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची गोष्ट. घरी बनवलेल्या साधनांपासून सुरू झालेली वाट पाच वर्षांत शेतकऱ्याच्या कर्जापर्यंत पोचली, हे लक्षात ठेवा.

दुसरं उदाहरण मालेगावचं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला. नट म्हणजे गावातलेच लोक, त्यात पॉवरलूमचे कामगार. यातले बरेच विणकर समाजाचे, म्हणजे मुसलमानांमधल्या जातउतरंडीत खाली ढकललेले. ट्रॉली नव्हती, तर सायकल वापरली. क्रेन नव्हती, तर बैलगाडी. फ्रान्समध्ये गोदारच्या ‘ब्रेथलेस’साठी कॅमेरामन राऊल कुतार व्हीलचेअरवर बसला, त्याला जग कला म्हणतं. मालेगावच्या सायकलला मात्र ‘जुगाड’ म्हणून हसतं. हा फरक कशाचा, ते तुम्हाला सांगायला नको.

आता कामाचं बोलू. पडद्यावर ‘सिनेमासारखं’ दिसतं ते मुख्यतः उजेडामुळे. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी सुब्रत मित्रांनी पांढरं कापड ताणून त्यावरून दिवे उलटवले, म्हणून सेटवरचं अंगण खऱ्या अंगणासारखं दिसलं. तुमच्याकडे चादर आहे, थर्माकोलची शीट आहे. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा, खोलीतली ट्यूब बंद करा, अंधाऱ्या बाजूला थर्माकोल धरा. निम्मं काम झालं.

फोनमध्ये सेटिंग हाताने करता येणारं ॲप टाका. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे या शटरला दिवे लुकलुकत नाहीत आणि हालचालही मऊ दिसते. भर उन्हात हे जमत नाही. सावलीत किंवा सकाळ-संध्याकाळ शूट करा. शॉट सरकवायचा असेल तर वर्कशॉपमधून चार बेअरिंग आणि पाइप आणा, फळीला चाकं बसवा. स्टँड हलू नये म्हणून त्याला वाळूची पिशवी टांगा. आवाजासाठी दुसरा फोन नटाच्या खिशात ठेवून रेकॉर्डिंग चालू करा, सुरुवातीला एक टाळी वाजवा. एडिटिंगला त्या टाळीवर आवाज जुळतो. चित्र थोडं खराब असलं तरी प्रेक्षक थांबतो, ऐकू आलं नाही की उठून जातो.

आता सर्वांत महत्त्वाचं: चेहरा. कोडॅक कंपनी अनेक वर्षं फोटोंचे रंग गोऱ्या बाईचा फोटो असलेल्या कार्डावर जुळवत असे. आजचे फोन ब्युटी फिल्टर लावून आपल्या आईला उजळ करतात. तो फिल्टर आधी बंद करा. चेहऱ्यावर बोट ठेवून एक्स्पोजर लॉक करा. सावळ्या माणसाला पांढऱ्या भिंतीपुढे उभं करू नका, मागची बाजू गडद ठेवा. समोरून भडक दिवा नको, बाजूने मऊ उजेड द्या. चेहऱ्याला थोडं खोबरेल लावलं की उजेड त्वचेवर खेळतो. तिचा रंग आहे तसाच ठेवून तिला देखणं दाखवता येतं. वर्षानुवर्षं पडद्यावर आपली माणसं एकतर अंधारात होती किंवा काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी त्यांची सोंगं केली. हे बदलायला महाग लेन्स लागत नाही, कॅमेऱ्यामागचा माणूस आपला लागतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त शेवटी जब्या थेट कॅमेऱ्याच्या दिशेने दगड भिरकावतो. तो दगड कुणाला लागायला हवा, हे मंजुळेंना पक्कं ठाऊक होतं.

एक इशारा देतो आणि थांबतो. गरिबीत काय मस्त करतात ही मुलं, अशी शाबासकी तुम्हाला मिळेल. ती घ्या, पण तिच्यावर थांबू नका. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आरक्षित जागा आहेत, त्यांचे अर्ज भरा. कुणी काम करवून घेतलं तर मानधन मागा. घरची ट्रॉली ही सुरुवात आहे; आपली जागा कायम तीच, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. आणि नोकरी सोडू नका. मालेगावची माणसं पोटापाण्याचं काम सांभाळून सिनेमा करत होती. तुमच्याकडे रविवार आहे.

पुढच्या रविवारी प्रत्येकाने तीन मिनिटांचा एक तुकडा आणायचा. विषय: तुमच्या घरातलं कोणीतरी, त्यांच्या कामावर. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वरून बघणारे आजवर पुष्कळ झाले.

जय भीम.