रक्षण कोणाचं, राज्य कोणाचं?

(सौंदड येथे युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘युद्धातून उठलेला देश आणि परक्यांचा हात’ असा विषय तुम्ही दिला. तुम्हाला वाटलं असेल, हा आता काबूल-बगदादच्या गोष्टी सांगणार. त्याही सांगतो. पण आधी नागपूरला जाऊ. हे सौंदड, ही साकोली, हा भंडारा-गोंदियाचा सगळा टापू नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. परका माणूस राखणदार म्हणून कसा शिरतो आणि मालक होऊन कसा बसतो, हे इथल्या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वीच बघितलंय. शाळेत आपल्याला त्याची नुसती सनावळी पाठ करायला लावली.

१८१६ साली दुसरा रघूजी भोसला मेला. गादीवर आला परसोजी, आजारी आणि दुबळा. कारभार आपल्या हाती राहावा म्हणून त्याचा चुलतभाऊ अप्पासाहेब इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सकडे गेला आणि मे महिन्यात तह करून मोकळा झाला. तहाचं नाव तैनाती फौजेचा तह. म्हणजे काय? फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च मात्र नागपूरच्या तिजोरीतून. वर्षाला साडेसात लाख रुपये. आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या राज्याशी बोलणी करायची नाहीत. बघा, रक्षण विकत घेतलं आणि परराष्ट्र धोरण फुकटात देऊन टाकलं.

आता हे साडेसात लाख कुठून आले? राजाच्या आईच्या दागिन्यांतून नाही आले. ते शेतसाऱ्यातून आले. राबणाऱ्याच्या पाठीवरून आले. तह करताना त्याला कोणी विचारलं नव्हतं.

दीड वर्षात अप्पासाहेबाच्या लक्षात आलं की हा फास आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. भोसल्यांची फौज हरली. डिसेंबरात नागपूर पडलं. पुढच्या वर्षी अप्पासाहेबाला पकडलं, तो कैदेतून निसटला आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला गेला. आपल्या गोंदियाजवळचं कामठा आहे ना, कामठी नव्हे, कामठा, तिथला जमीनदार चिमणा पटेल त्याच्या बाजूनं उठला. कंपनीच्या फौजेनं तो उठाव मोडून काढला. जमीनदारी दुसऱ्या घराण्याला गेली. जमीनदार बदलला, जमीनदारी तशीच राहिली. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढं कामाला येईल.

मग गादीवर एक पोरगं बसवलं, तिसरा रघूजी. नाव त्याचं, कारभार जेंकिन्सचा. जिल्ह्याजिल्ह्यात इंग्रज अंमलदार. १८२१ साली कामठीला छावणी झाली. राजा मोठा झाल्यावर १८२६ चा तह करून, १८३० पर्यंत हप्त्याहप्त्यानं कारभार परत दिला. नर्मदेकडचा मुलूख मात्र तोडून घेतला तो घेतलाच. आणि १८५३ च्या डिसेंबरात राजा वारला, तर डलहौसीनं वारस मानला नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा. वाड्यातलं जडजवाहीर लिलावात निघालं. १८१६ ते १८५४. अडतीस वर्षांत राखणदार मालक झाला.

आता कोणी म्हणेल, राजे गेले तर गेले, आपल्या बापाचं काय गेलं? प्रश्न बरोबर आहे. भोसल्यांच्या राज्यात आपण काही पालखीत बसत नव्हतो. वेशीबाहेर होतो, वेठीला होतो, गावाची राखण करत होतो. आणि त्याच युद्धात, १ जानेवारी १८१८ ला, भीमा कोरेगावला महार शिपाई कंपनीच्या बाजूनं पेशवाईशी लढले. त्या स्तंभावर त्यांची नावं आहेत. १९२७ साली बाबासाहेब तिथं जाऊन उभे राहिले. ज्या पेशवाईनं माणूसपण नाकारलं तिच्यासाठी रडायचं आपल्याला कारण नाही. ते ओझं ज्यांचं त्यांनी वाहावं.

पण दुसरी बाजूही ठोकून सांगितली पाहिजे. जिंकून देणाऱ्यांना काय मिळालं? १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरतीच बंद केली. काम झालं, दार लावलं. गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ मध्ये अर्ज लिहून भांडावं लागलं. आणि गावात काय केलं? १८६० नंतरच्या बंदोबस्तात मध्य प्रांतात मालगुजाराला गावाचा मालक करून टाकला. आधी तो सारा गोळा करणारा होता. इंग्रजानं त्याला जमिनीचा हक्क लिहून दिला. तो हक्क १९५१ पर्यंत चालला. परक्याला गावात स्वतः राहायचं नसतं. त्याला वसूल पाहिजे आणि शांतता पाहिजे. ही दोन्ही जो देतो त्याच्या हातात तो गाव देतो. असा माणूस नेहमी गावातला दांडगाच असतो. म्हणून १९३० साली गोलमेज परिषदेत, इंग्रजांच्याच दारात, बाबासाहेबांनी सुनावलं की तुमच्या राज्यात अस्पृश्यता होती तिथंच आहे.

आता या काबूलला. २००१ साली अमेरिका तिथं घुसली. फौज उभी केली, शाळा-रस्ते बांधले, वीस वर्षांत उभारणीवर सुमारे १४५ अब्ज डॉलर ओतले. गावात राज्य कोणाचं? जुन्या टोळीवाल्या सरदारांचं. तोच कामठ्याचा हिशेब. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिकेनं तालिबानशी करार केला. ज्या काबूल सरकारला वीस वर्षं पोसलं त्याची त्यावर सहीच नाही! ऑगस्ट २०२१ मध्ये ती फौज काही दिवसांत विरघळली. फौजेचा पगार दुसऱ्याच्या खिशातून येत असेल तर तिचा दमही दुसऱ्याच्या खिशात असतो. आणि भोगलं कोणी? शाळा बंद झालेल्या पोरींनी.

मग आपण काय करायचं? याचं उत्तर ह्याच मतदारसंघात दिलं गेलंय. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते. काँग्रेसनं त्यांना पाडलं. पण त्याआधी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना त्यांनी हिशेब मांडला होता. साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशेऐंशी कोटी लष्करावर जातात, कारण परराष्ट्र धोरणानं आपल्याला मित्र ठेवले नाहीत. म्हणजे उपाशी माणसाच्या भाकरीचा आणि परराष्ट्र धोरणाचा संबंध त्यांनी थेट लावला. ‘ते मोठ्यांचं काम, आपण आरक्षणाचं बोलू’ असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आपल्या दारातलं बोलतो आणि थांबतो. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात चाळीस वर्षांवर बंदुका फिरल्या. एका बाजूनं पोलीस, दुसऱ्या बाजूनं नक्षलवादी, मधे आदिवासी. १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. बंदुका गेल्या तर चांगलंच. बंदुकीनं कोणाची जात गेली नाही, आणि मेली ती गरिबाचीच पोरं. पण बंदुका गेल्यावर तिथं राज्य कोणाचं येणार? २००६ चा वनहक्क कायदा जंगलाचा हक्क ग्रामसभेला देतो. ती ग्रामसभा बसणार, का खाणवाल्याचा मॅनेजर आणि गावचा ठेकेदार बसणार? आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक पास केलं, संघटना बेकायदा ठरवायचा अधिकार सरकारला देणारं. जंगल शांत होत असताना हे हत्यार कोणासाठी परजलं? ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या पोरांवर ते चालणार नाही, याची हमी कोण देणार?

कोणी रक्षण करायला आला, मग तो साहेब असो, आपला मंत्री असो, की जंगलातला दादा असो, त्याला तोंडावर विचारा. तुझ्या फौजेचा खर्च कोणाच्या ताटातून निघतो? तुला जाब विचारायची जागा कुठं आहे? आणि तू निघून गेल्यावर वेशीबाहेरच्या माणसाच्या हातात काय उरणार, जमीन की नुसता सलाम?

शहरातल्या मित्रांनो, तुम्ही परत जाल. जाताना साकोलीचे, देवरीचे वनहक्काचे दावे कुठं अडलेत ते विचारून जा. तहसील कचेरीत अर्ज टाका, माहिती काढा, छापा. इथल्या पोरांना कागद वाचायला सोबत पाहिजे, राखणदार नको.

जयभीम.