बाटलीतला मसाला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. दरवर्षी या कार्यक्रमात मी चिवड्याच्या कढईजवळ असते, इकडे वर कधी आले नाही. यंदा सेक्रेटरीबाईंनी ‘स्वयंपाकघरातील मसाले’ हा विषय दिला आणि मी हो म्हटले. मसाल्यांबद्दलच बोलणार आहे, पण ते डब्यातले नाहीत, बाटलीतले आहेत.

आधी एक गोष्ट कबूल करते. ‘काऊन व माय, पोरगं कोठी लागलं तुहं?’ असे कोणी विचारले की गेली दोन वर्षे मी सांगत आले, ‘गोव्याला, औषधाच्या कारखान्यात.’ ते खोटे होते. मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि गोव्यात जिन नावाची दारू गाळणाऱ्या एका लहानशा कारखान्यात लागला. दारूचे दुकान नको म्हणून आपण तहसिलीवर गेलो तेव्हा मी पहिल्या ओळीत होते. माझ्या वडिलांचे दोन एकर वावर कशात गेले, तेही येथल्या जुन्या बायांना ठाऊक आहे. म्हणून खरे सांगायला तोंड उघडेना.

गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. ‘आई, धने भाजून घातले तर वास जास्त येतो की कच्चे?’ मला वाटले पोरगा स्वयंपाक करतो आहे. मी सांगितले, मसाल्याला भाज, पण पाण्यात भिजवायचे असतील तर कच्चेच जाडेभरडे कुटून घाल, भाजल्याने वास बदलतो. त्याने लिहून घेतले. नंतर कळले की ते धने कशात पडणार होते.

दिवाळीनंतर आम्ही दोघे तिकडे जाऊन आलो. भट्टी म्हणजे तांब्याचे भांडे, आपल्या न्हाणीतल्या बंबाच्या चार पिढ्या मोठ्या भावासारखे. त्यात धान्यापासून केलेला मद्यार्क आणि पाणी घालतात. या मद्यार्काला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. वास येतो तो वरून घातलेल्या जिनसांचा. त्या भिजवून भांडे तापवायचे, वाफ वर चढते, थंड नळीतून फिरते आणि थेंब थेंब खाली पडते. पहिली धार बाजूला काढतात, तिला रंगाच्या डब्यासारखा उग्र वास येतो. शेवटचीही घेत नाहीत. मधली तेवढी ठेवतात. आपण तूप कढवताना नाकावरच ओळखतो ना, तसेच तेथे एक माणूस नाक लावून उभा असतो. आता तो माणूस म्हणजे माझा मुलगा.

जिनमध्ये एक जिन्नस असावाच लागतो. हपुषा नावाच्या झुडपाची निळसर बोरे. ते आपल्या हिमालयातही होते आणि वैद्य ते जुन्या काळापासून वापरतात. बाकीचा मसाला ज्याचा त्याचा. धने बहुतेक सर्वांत असतातच. गोव्यातच तयार होणारी ‘हपुसा’ नावाची जिन २०१८ मध्ये निघाली, तिच्यात हिमालयातली हपुषा, हळद, आंबा आणि बंगालातले गंधराज लिंबू आहे. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ म्हणून दुसरी आहे, तिच्यात मिरे, जायफळ, जायपत्री, ज्येष्ठमध. मी मुलाला म्हटले, अरे हा तर बाळंतिणीचा काढा झाला!

परदेशात तर फारच गमती. जपानात चेरीची फुले आणि हिरवा चहा घालतात. ऑस्ट्रेलियात हिरव्या मुंग्या घालून जिन काढली आहे. मुंगी आंबट असते, आपल्या गडचिरोलीकडे लाल मुंग्यांची चटणी खातातच, त्यामुळे त्याचे मला फारसे काही वाटले नाही. पण दक्षिण आफ्रिकेत हत्तीच्या शेणातून निघालेल्या झाडपाल्याची जिन आहे, हे ऐकून मी मुलाकडे दोनदा पाहिले. तो थट्टा करत नव्हता. हत्तीला खाल्लेले सगळे पचत नाही, न पचलेला पाला आणि साली धुऊन, वाळवून, निर्जंतुक करून घालतात. शेणाने सारवणाऱ्या आपण, नाक कशाला मुरडायचे? पण पिण्याचे म्हणाल तर, नको बाप्पा.

हे सर्व ऐकून मला वास आवडला नाही असे सांगितले तर पुन्हा खोटे होईल. वेलची, लिंबाची साल, धने यांचा वास त्या खोलीत असा भरला होता, की आईच्या दिवाळीच्या स्वयंपाकघराची आठवण आली. आणि त्याच वेळी वडिलांचीही आली. दोन्ही एकदमच आल्या, त्याला मी काय करू?

मी मुलाला विचारले, ही दारू लोकांची घरे बुडवत नाही का? त्याने उत्तर दिले नाही, एक चित्र दाखवले. इंग्लंडच्या विल्यम होगार्थने १७५१ साली काढलेले, ‘जिन गल्ली’ या नावाचे. पायऱ्यांवर एक बाई नशेत बसली आहे आणि तिच्या हातून मूल कठड्यावरून खाली पडते आहे. त्या वेळी लंडनच्या गरीब वस्त्यांत जिन फार स्वस्त होती. त्याच साली तेथे विक्रीवर कडक कायदा झाला. पुढे हिंदुस्थानात आलेले गोरे साहेब हिवतापावरचे कडू कोयनेल घशाखाली जावे म्हणून त्यात जिन मिसळू लागले. म्हणजे माझे ‘औषधाचा कारखाना’ अगदीच खोटे नव्हते, असे मुलगा हसून म्हणाला. मला हसू आले नाही.

त्याच्या एका बाटलीची किंमत दोन हजारांच्या वर. ती प्यायला गरीब येत नाही, असे त्याचे म्हणणे. ते खरे असेल. पण मग मला मेळघाट आठवतो. तेथे मोहाची फुले आंबवून दारू गाळणाऱ्या बाईला पोलीस धरून नेतात, कारण परवाना नाही. ही फुले काचेच्या सुरेख बाटलीत शिरली की तीच वस्तू शहरात भेट म्हणून दिली जाते. दोन्ही दारूच. मला पोलिसांचा राग नाही, कायदा आहे. पण हिशेब लागत नाही.

गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले. बाबा आयुष्यभर कीर्तनांतून दारूवर बोलले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावाजवळ पेढीच्या पुलाशी त्यांनी देह ठेवला. तीच पेढी आपल्या तालुक्यातून पुढे जाते. गोव्याहून परतताना बसमधून तो पूल दिसला तेव्हा पदरात मुलाने दिलेले पैसे होते. त्यांतले घराच्या कौलांना लागले, ते मी परत केले नाहीत.

दुकानाविरुद्धच्या नव्या अर्जावर सह्या घेणे सुरू आहे. सेक्रेटरीबाईंनी तो कागद माझ्याकडे दिला होता. आज मी तो परत आणला आहे. मी सही केली आहे, पण सर्वांत वर नाही, मधली जागा घेतली आहे. माझे नाव त्यावर ठेवायचे की काढायचे, ते तुम्ही मंडळाच्या बैठकीत ठरवा, मी बाहेर बसेन.

मुलगा संक्रांतीला येतो आहे. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी घरी यावे. चहा मिळेल, धने घालून.