आधी पाठ बघावी

जुनी वैज्ञानिक उपकरणं जमवणाऱ्याला कधी ना कधी लाकडी बॅरोमीटरचा मोह पडतोच. होकायंत्र किंवा सेक्स्टंट कपाटात मावतं. बॅरोमीटरला भिंत लागते. तीन-सव्वातीन फुटांची महोगनीची किंवा शिसवीची अंगलोट, कडेनं फिकट लाकडाची बारीक पट्टी, चांदीचं पाणी दिलेली तबकडी आणि निळसर पोलादी काटा. बघणारा लाकडावर भुलतो आणि विकणाऱ्याला ते नेमकं ठाऊक असतं. म्हणून माझं सांगणं एवढंच की ही वस्तू समोरून बघून घेऊ नये. ती उभीच धरून फिरवायला लावावी आणि आधी पाठ बघावी.

पाठीमागे काय असतं? लाकडात एक लांब खाच, तिच्यात काचेची नळी, नळीत पारा. सगळं शास्त्र तिथं आहे. गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली यानं 1644 साली फ्लॉरेन्सहून आपल्या मित्राला हा प्रयोग पत्रानं कळवला. एक टोक बंद असलेली नळी पाऱ्यानं भरून पाऱ्याच्याच वाटीत उपडी केली, तर पारा सगळा खाली उतरत नाही. समुद्रसपाटीला साधारण 76 सेंटिमीटरवर तोलून राहतो. बाहेरच्या हवेचं वजन त्याला वर धरून ठेवतं. मग पास्कलनं आपल्या मेहुण्याला, पेरियेला, फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर ही नळी घेऊन पाठवलं. 19 सप्टेंबर 1648 चा तो दिवस. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा आठेक सेंटिमीटर खाली होता. हा डोंगर ध्यानात ठेवा, पुण्याच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

संग्राहकाच्या दृष्टीनं लाकडी बॅरोमीटरच्या मुख्य जाती दोन. एक सरळ काठीसारखा. त्यात पारा वरच्या टोकाशी उघडा दिसतो आणि शेजारच्या पट्टीवर इंच वाचायचे. इंग्लंडमध्ये हे 1680 च्या सुमारापासून घरांत टांगले जाऊ लागले. दुसरा चाकाचा, ज्याला इंग्रज त्याच्या आकारावरून बँजो म्हणतात. मला तो भिंतीवर उभ्या टांगलेल्या वीणेसारखा दिसतो. त्याची कल्पना 1660 च्या दशकातली, रॉबर्ट हूकची. नळी खालच्या बाजूला वर वळवलेली असते. तिच्या आखूड तोंडात पाऱ्यावर काचेचं छोटं वजन तरंगतं, वजनाला रेशमी दोरा, दोरा कप्पीवरून जातो, त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी हलकं वजन, आणि कप्पीच्या आसालाच पुढच्या बाजूला काटा बसवलेला. पारा हलला की काटा हलतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे चाकाचे बॅरोमीटर इंग्लंडभर पोचवले ते इटालियनांनी. कोमो सरोवराच्या परिसरातले कारागीर पोट भरायला लंडनला आले आणि हॅटन गार्डन, क्लार्कनवेल या भागात त्यांनी बस्तान बसवलं. त्यामुळे अस्सल इंग्रजी दिवाणखान्यातल्या या वस्तूवर टाल्याब्वे, रोंकेत्ती, ओर्तेल्ली अशी नावं वाचायला मिळतात. नाव बहुधा तबकडीवर किंवा अगदी खालच्या छोट्या पाणसळीच्या पट्टीवर कोरलेलं असतं. पण त्या नावावर जीव टाकू नका. ते पुष्कळदा बनवणाऱ्याचं नसून विकणाऱ्याचं असतं. नावापेक्षा पत्ता कामाचा. नेग्रेत्ती आणि झांब्रा ही 1850 साली सुरू झालेली नामांकित पेढी. तिच्या बॅरोमीटरवर हॉबर्न व्हायाडक्टचा पत्ता असेल आणि विकणारा तो 1855 चा म्हणत असेल, तर गप्प बसून हसावं. तो पूलच 1869 साली खुला झाला. निकोलस गुडिसन यांचं इंग्रजी बॅरोमीटरांवरचं पुस्तक 1968 मध्ये आलं. खरेदीला निघण्याआधी ते चाळून जावं.

आता पुन्हा पाठीकडे. काचेची नळी फुटते, पारा सांडतो, दुरुस्त करणारा सापडत नाही. मग कोणीतरी नळी काढून टाकतो आणि तबकडीमागे धातूची डबी बसवतो. ही पाऱ्याविना चालणारी डबी फ्रान्सच्या ल्युसियाँ विदीनं 1844 मध्ये काढली. यंत्र म्हणून ती उत्तमच. मूळ डबीवालेच असे लाकडी बॅरोमीटरही पुढे भरपूर निघाले आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण 1810 सालच्या लाकडात नंतर घुसवलेली डबी म्हणजे घर एकाचं, बिऱ्हाड दुसऱ्याचं. समोरून काही कळत नाही. मागचं लांबट दार उघडलं, की रिकामी खाच दिसते, कधी लाकडी पट्टी ठोकून बुजवलेली.

नळी बदललेली असेल तर? काही संग्राहक तेवढ्यानं नाक मुरडतात. मला ते पटत नाही. दोनशे वर्षांत काच फुटणारच. त्याच मापाची नवी नळी, तीही पाऱ्याची, नीट बसवली असेल, तर उपकरण जिवंत आहे. मूळ पण मेलेल्या नळीपेक्षा मी ते पत्करीन, फक्त विकणाऱ्यानं तसं सांगितलेलं असावं.

काठीच्या बॅरोमीटरची आणखी एक परीक्षा आहे. मालकाच्या परवानगीनं तो अगदी सावकाश कलता करावा. पारा वर सरकत जाऊन नळीच्या टोकाला टेकतो. टक असा कोरडा, टणक आवाज आला, तर वरची पोकळी निर्वात आहे. आवाज बोदा आला किंवा टोकाशी बुडबुडा राहिला, तर आत हवा शिरली आहे, आणि तो दुरुस्तीचा खर्च किमतीत धरावा.

चाकाच्या बॅरोमीटरवर सगळ्यात वर एक छोटी तबकडी असते, हवेतला दमटपणा दाखवणारी. तिच्यातला काटा रानटी ओटच्या कुसळावर चालतो. कुसळ दमट हवेत उलगडतं, कोरड्या हवेत पीळ घेतं. ते बहुधा झिजून गेलेलं असतं. त्यासाठी सौदा मोडू नका.

आता पुण्याची गंमत. इंग्रजी तबकडीवर 28 इंचांपासून 31 इंचांपर्यंत शब्द कोरलेले असतात: वादळी, फार पाऊस, पाऊस, बदल, चांगली हवा, स्थिर चांगली हवा आणि शेवटी अतिकोरडी. मध्यावर, साडेएकोणतीसला, ‘बदल’. हे सगळं समुद्रसपाटीच्या आसपासच्या इंग्लंडसाठी. पुणं आहे सुमारे 560 मीटर उंचीवर. इथं पारा 28 इंचांच्या आगेमागेच राहणार. म्हणजे प्वी द दोमच्या डोंगराचा न्याय लागला आणि दिवाळीतल्या स्वच्छ उन्हातही काटा ‘वादळी’वर. पावसाळ्यात दाब आणखी उतरतो. अनेक तबकड्यांवर 28 आणि 31 हे आकडे तळाशी एकमेकांना भिडलेले असतात. काटा 28 च्या मागे सरकला, की थेट ‘अतिकोरडी’वर जातो, आणि बाहेर मुठा दुथडी भरून वाहत असते. विकत घेतलेली वस्तू बिघडली असं समजून परत करायला निघू नका. काटा आसावर सैल करून उंचीच्या हिशेबानं पुढे बसवता येतो. काम जाणकाराकडून करून घ्यावं.

बसवल्यावरही तो इंग्लंडसारखं भाकीत करील अशी अपेक्षा नको. तिथं वादळं एकामागून एक येतात आणि पारा भराभर चढतो-उतरतो. आपल्याकडे चक्रीवादळ सोडलं, तर त्याला एवढं काम नसतं. पण उष्ण प्रदेशाची एक गोष्ट इंग्लंडात सहसा नजरेला येत नाही, ती इथं दिसते. हवेला रोज दोन वेळा भरती-ओहोटी येते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक तीनेक मिलिमीटर पाऱ्याचा. आठ इंची तबकडीवर काट्याचं टोक तेवढ्यानं दोनेक सेंटिमीटर सरकतं. काचेवर बोटानं हलकी टिचकी मारावी लागते, कारण दोरा आणि कप्पी जरा अडतात. माझ्या लेखी पुण्यात बॅरोमीटर टांगण्याचं खरं कारण हेच.

कोरलेल्या शब्दांवर भरवसा ठेवू नये हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय पुढे ब्रिटनच्या हवामान कार्यालयाचा पहिला प्रमुख झाला. शब्द वाचू नका, पारा चढतोय की उतरतोय ते पाहा, असं तो बजावत राहिला. त्यानं मासेमारीच्या बंदरांवर बॅरोमीटर बसवले. 1865 मध्ये त्यानं स्वतःचं जीवन संपवलं, आणि त्यानंतर त्याच्या नावाचे, छापील कागद लावलेले लाकडी बॅरोमीटर ढिगानं विकले गेले. ते स्वस्त असतात आणि पहिल्या खरेदीला वाईट नाहीत. त्यांतल्या कापराच्या नळीनं वादळ कळतं, यावर मात्र विश्वास ठेवू नका.

परदेशात घेतलात तर आणायचा कसा? पाऱ्याचा बॅरोमीटर प्रवाशाला विमानात नेता येत नाही. पारा ॲल्युमिनियम पोखरतो, आणि विमान ॲल्युमिनियमचं. सवलत आहे ती सरकारी हवामान खात्याच्या प्रतिनिधीला. तेव्हा पारा तिथल्याच कारागिराकडून काढून घ्यावा आणि लाकूड, काच वेगवेगळं बांधून आणावं. स्वतः पारा ओतायचा उद्योग घरात करू नये. त्याची वाफ विषारी असते. तबकडीखालचं, खुणेचा काटा फिरवायचं बटणही तपासा. ते हस्तिदंताचं असेल, तर आपल्या कायद्यानं ते आणणं अडचणीचं आहे. भिंगातून एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या तर हस्तिदंत, काळसर ठिपके दिसले तर हाड. हाड चालेल.

टांगताना ओळंबा लावून सरळ टांगा, थेट ऊन येणार नाही अशा आतल्या भिंतीवर. आणि घरात आधीच सांगून ठेवा: तबकडी पितळेची असली, तरी तिच्यावर चांदीचा अगदी पातळ थर आहे. दसऱ्याच्या साफसफाईत कोणी तिला पितांबरी लावायची नाही.