पंढरपुरी म्हैस, रेड्याची पारख आणि दुधाची वही
(गवळी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात सोलापूर येथे केलेले भाषण)



आपली पंढरपुरी म्हैस पंढरपूर-मंगळवेढे-सांगोल्याच्या रुक्ष हवेत, कडब्यावर निभावून वेळेवर गाभण राहते, हे या सभेस आम्ही सांगावे असे नाही. प्रश्न आहे तो रेड्याचा. रेडा दूध देत नाही; त्याची पारख लेकींच्या धारेवरून. त्या वाढून, विऊन, दुधात येईपर्यंत कित्येक वर्षे लोटतात, आणि तोवर रेडा बहुधा दावणीवर उरलेला नसतो.

ही प्रतीक्षा टाळण्याचा मार्ग २००१ साली म्यूविसेन, हेज व गॉडर्ड या शास्त्रज्ञांनी मांडला. जनावराची जनुके हजारो ठिकाणी तपासावयाची आणि ज्यांचे दूध मोजलेले आहे अशा जनावरांशी ती ताडून पाहावयाची. म्हणजे नुकत्या जन्मलेल्या रेडकाच्याही गुणांचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन वळूंचे अधिकृत मूल्यमापन असे होऊ लागले. आपल्याकडे अशा तपासणीसाठी गायींची ‘गौचिप’ व म्हशींची ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाले.

परंतु चिप दूध मोजीत नाही. मोजलेल्या नोंदी जितक्या पुष्कळ, जितक्या खऱ्या आणि जितक्या जवळच्या रक्ताच्या, तितकाच अंदाज अचूक. मुऱ्हा म्हशींच्या नोंदींवर बसविलेला हिशेब पंढरपुरीस जसाच्या तसा लागू पडत नाही. नोंदी आपल्याच गोठ्यांतील हव्यात, आणि आपण तर तोंडी व्यवहार करणारे! “दोन्ही वेळचे दहा लिटर” ही बाजारातली बोली. तीत वेताचा महिना कितवा, पेंड किती, रेडकाने किती प्याले, काही कळत नाही.

आणखी एक खोड आहे. आपण नामांकित म्हशीचेच दूध सांगतो. दावणीच्या दहांपैकी एकच लिहिली, तर दूध रक्ताचे की जादा पेंडीचे हे कसे ओळखावे? कमी दुधाच्याही लिहिल्या पाहिजेत. शिंगांचे म्हणाल, तर खांद्यामागे गेलेली तलवारीसारखी शिंगे पाडव्याला शोभतात; दुधाचे माप त्यांत नसते. बापाचे नावही अंदाजाने लिहू नये. ठाऊक नसल्यास तसेच लिहावे. चुकीचा बाप हिशेब बिघडवितो.

काम अवघड नाही. महिन्यातून एक ठरलेला दिवस. त्या दिवशीची सकाळ-संध्याकाळची धार तोलून लिहावी, सोबत कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, व्याल्याची तारीख आणि रेडा. आमच्या मते ही वही घरातील लेकीसुनांकडे असावी. त्यांचे अक्षर बरे, आणि फुशारकी कमी.

कमी दूध लिहिले गेले तर म्हशीची किंमत पडेल, अशी भीती काहींनी आमच्यापाशी बोलून दाखविली. ती अगदीच खोटी नाही. म्हणून समाजाच्या कार्यालयात येणाऱ्या पानावर मालकाचे नाव नसावे, केवळ बिल्ल्याचा क्रमांक असावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. आज दाराशी पहिलाच कोरा कागद ठेवला आहे. जाताना प्रत्येक घराने आपल्या दावणीतील म्हशींची संख्या तेवढी त्यावर लिहावी.